कायदा झाला, पुढे काय?

परवाचीच गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून मी दुसऱ्या दिवशीच्या केसचे कागद चाळत बसले होते. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. चेहरा पार उतरलेला. "अगं, माझे अठरा हजार गेले गं!" एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. लेकीच्या पहिल्या मंगळागौरीसाठी त्यांनी मोबाईलवर साडी पसंत केली, पैसे भरले. साडी काही आली नाही. चौकशीला फोन लावला, तर पलीकडच्या गोड आवाजाने 'पैसे परत देतो' म्हणत ओटीपी विचारून घेतला आणि खातंच रिकामं केलं.

"मेसेज दाखवा बघू," मी म्हटलं.

"ते पुसले गं मी. मुलाने बघितले असते तर ओरडला असता."

मैत्रिणींनो, ग्यानबाची मेख इथेच आहे. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार माणूस चांगला, पण सुरुवात कुठून करावी हे त्यांनाही उमजेना. "साडीवाला कुठल्या गावचा?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. कायदा आहे, ठाणं आहे, कोर्ट आहे, तरी गाडी अडलेलीच! घरी येताना मला फिलिपिन्सची आठवण झाली. तुम्ही म्हणाल, कुठे आपला तालुका आणि कुठे फिलिपिन्स! पण ही गोष्ट ऐकाच.

४ मे २००० रोजी जगभरच्या कॉम्प्युटरवर 'आय लव्ह यू' अशा नावाची ई-मेल येऊन थडकली. सोबत एक प्रेमपत्र जोडलेलं. आपल्याला कोणी बरं प्रेमपत्र पाठवलं, म्हणून लोक उघडायचे आणि फसायचे. ते पत्र नव्हतंच, तो व्हायरस होता. तो कॉम्प्युटरमधल्या फाईली खराब करायचा आणि ओळखीच्या सगळ्यांना स्वतःच पुढची पत्रं धाडायचा. अमेरिकेच्या पेंटागॉनला आणि ब्रिटनच्या संसदेलाही आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली.

अमेरिकेची एफबीआय आणि फिलिपिन्सची तपास यंत्रणा यांनी मिळून माग काढला आणि तो मनिलातल्या एका तरुण विद्यार्थ्यापर्यंत पोहोचला. आता शिक्षा होणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण त्या वेळी फिलिपिन्समध्ये व्हायरस सोडणं हा गुन्हा ठरवणारा कायदाच नव्हता! सरकारी वकिलांनी क्रेडिट कार्डांच्या गैरवापराचा १९९८चा कायदा लावून पाहिला. तो काही बसेना. ऑगस्ट २०००मध्ये आरोप मागे घ्यावे लागले. पुढे २०२० साली त्या माणसाने एका ब्रिटिश पत्रकाराजवळ कबूल केलं, की इंटरनेटला पैसे नव्हते, म्हणून दुसऱ्यांचे पासवर्ड चोरायला आपणच तो व्हायरस बनवला होता.

फिलिपिन्सने मात्र त्या फजितीनंतर घाई केली. १४ जून २००० रोजी तिथे ई-कॉमर्स कायद्यावर सही झाली. कॉम्प्युटरवरच्या कागदपत्रांना कायद्याची मान्यता मिळाली. घुसखोरी आणि व्हायरस यांसाठी ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान १ लाख पेसो दंड ठरला.

झालं, कायदा आला. पण कायदा म्हणजे काही मिक्सर नव्हे, बटण दाबलं की चालू व्हायला. तो चालवणारे हात लागतात. पोलिसाने कॉम्प्युटर जप्त करायचा कसा, की आतलं काही बदलणार नाही? वकिलाने ते कोर्टात सिद्ध कसं करायचं? ज्याने आयुष्यभर कागद आणि अंगठ्याचे ठसे पाहिले, त्या न्यायाधीशाने ई-मेलवर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे वेगळे नियम केले. २०१२ साली सायबर गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदा आला आणि २०१३ साली पोलिसांचा खास विभाग.

याच काळात बाहेरची मदत आली. युरोपियन युनियन आणि कौन्सिल ऑफ युरोप यांनी २०१३ ते २०१६ या काळात 'ग्लेसी' नावाचा प्रकल्प चालवला. त्यात फिलिपिन्सबरोबर श्रीलंका, मॉरिशस, सेनेगल असे देश होते. ही मदत पोलीस, सरकारी वकील आणि न्यायाधीश यांना शिकवण्याची होती. आधी तिथल्याच काही जणांना तयार करायचं, मग त्यांनी आपल्या भाऊबंदांना शिकवायचं. आपल्याकडे बचत गटात एकजण शिकून येते आणि बाकीच्यांना शिकवते ना, अगदी तसंच. चोर एका देशात, पैसे दुसऱ्या देशात, तर परदेशातून पुरावा मागवायचा कसा, हेही ठरावं लागतं. त्यासाठी फिलिपिन्स २०१८ साली बुडापेस्ट कराराचा सदस्य झाला.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१२च्या त्याच कायद्यात ऑनलाईन बदनामीचं कलम आहे. पत्रकार मारिया रेसा यांना २०२० साली त्याच कलमाखाली दोषी ठरवलं गेलं आणि २०२१ साली त्यांनाच शांततेचं नोबेल मिळालं! म्हणजे कायदा चालवायला शिकवलं की संपलं, असं नाही. तो कोणावर चालतो, याकडेही डोळा ठेवावा लागतो.

आता आपल्याकडे वळू. गंमत बघा, आपल्या आयटी कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ९ जून २००० रोजी, फिलिपिन्सच्या पाचच दिवस आधी. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९९६ साली केलेला नमुना कायदा आपल्यापुढे होता. मोबाईल, कॉम्प्युटरवरच्या पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवं, हा नियमही तेव्हाच आला. पण त्याचा अर्थ पक्का व्हायला २० वर्षं गेली. जालन्याच्या निवडणुकीच्या वादात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ यंत्रच कोर्टात आणणार नसाल तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३मध्येही ही अट आहे. मी इतकी वर्षं वकिली करते, पण खरं सांगते, हा नमुना मलाही पुस्तक उघडून बघावा लागला.

मग काकूंचं काय झालं? १९३० या हेल्पलाईनवर फोन लावला, ऑनलाईन तक्रार नोंदवली. बँकेतून खात्याचा उतारा काढला. त्यात व्यवहाराचे क्रमांक होते, तेच कामाला आले. फसव्याच्या खात्यातले सहा हजार गोठवले गेलेत. हातात अजून एक रुपयाही नाही. पुढची तारीख बघायची.

म्हणून सांगते बायांनो, असं काही झालं तर आधी १९३०ला फोन करा. पहिले काही तास सोन्यासारखे असतात. आणि मेसेज पुसू नका. फसवणारा लाजत नाही, मग आपण का लाजायचं?

काल काकू पुन्हा आल्या होत्या. ठाण्यातल्या त्या हवालदारांनी त्यांच्याकडून मोबाईलमध्ये मेसेज जपून कसे ठेवायचे ते समजून घेतलं म्हणे. "मी शिकवलं त्याला!" काकू सांगत होत्या. आठवड्याभरात पहिल्यांदाच हसल्या.