दहा महिन्यांची कमाई, बारा महिन्यांचं घर



बंदी उठली. जाळी दुरुस्त झाली, होड्यांना रंग लागला, इंजिनं तपासून झाली. दर्याला नारळ दिला की पुढचे तीन-चार महिने कुणाला बोलायला फुरसत नसणार. म्हणून घरखर्चाची ही गोष्ट आजच लिहितोय. पुढच्या जूनमध्ये लिहून तिचा काही उपयोग नाही.

दरवर्षी जून-जुलैत सोसायटीच्या ऑफिसात येणारे बरेच सभासद एकच वाक्य बोलतात, "वर्षभर बरं चाललं होतं, पावसात सगळं अडलं." कुणी घरातलं सोनं गहाण ठेवायला निघालेला असतो, कुणी व्यापाऱ्याकडून उचल घेऊन आलेला असतो. आम्ही पण याच धंद्यातले. आमच्या घरांतही हे झालंय. तेव्हा उपदेश करत नाही, फक्त हिशेब मांडतो.

आपली खरी मिळकत किती?

पगारदार माणसाला दर महिन्याला ठरलेले पैसे येतात. आपलं तसं नाही. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद. लहान होड्यांना काही सवलत असली तरी खवळलेल्या दर्यात जाणार कोण? म्हणजे कमाई दहा महिन्यांची आणि पोटं बारा महिन्यांची.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला. एका घरात ऑगस्ट ते नोव्हेंबर महिन्याला 30,000 येतात. डिसेंबर ते मे महिन्याला 20,000.

4 महिने × 30,000 = 1,20,000
6 महिने × 20,000 = 1,20,000
एकूण = 2,40,000

याला दहाने नाही, बाराने भागा. महिन्याला 20,000 आले. म्हणजे ऑगस्टमध्ये हातात 30,000 दिसले तरी त्या घराची मिळकत 20,000 चीच आहे. वरचे 10,000 जून-जुलैचे आहेत. चार महिने 10,000 बाजूला काढले की 40,000 होतात, बरोबर दोन महिन्यांचा खर्च.

आता हे पण बघा की डिसेंबरपासून त्या घरात 20,000 च येतात आणि तेवढेच खर्च होतात. "मार्चमध्ये बघू, एप्रिलमध्ये साठवू" म्हटलं तर साठवायला काही उरतच नाही. पावसाळ्याचे पैसे बाजूला पडायचे ते चतुर्थीच्या आगेमागेच पडतात.

होडीचे पैसे वेगळे, घराचे वेगळे

वाटणीची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. डिझेल, बर्फ, खाणं वजा करायचं, मग होडीचा-जाळ्याचा वाटा, मग माणसांचे वाटे. रापणीतही होडीचा आणि जाळ्याचा वाटा वेगळा निघतो. आपल्या वाडवडलांनी हा वाटा उगाच ठेवला नव्हता. जाळं फाटणार, इंजिन बिघडणार, तेव्हा पैसा इथूनच यायचा.

पण होतं काय? मालक स्वतःच होडीवर जातो, दोन्ही वाटे एकाच खिशात येतात आणि घरी आल्यावर कुठला कुठला ते विसरायला होतं. होडीचा वाटा घर खातं, मग मे महिन्यात डागडुजीसाठी कर्ज काढावं लागतं. बँकेत होडीचं खातं वेगळं उघडा. निदान डबा तरी वेगळा ठेवा.

होडीच्या चालू खर्चासाठी, म्हणजे डिझेल, बर्फ, जाळी यांसाठी, मच्छीमारांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं. 2018-19 पासून ही सोय झाली. वेळेवर फेड केली तर व्याज वर्षाला 4 टक्क्यांपर्यंत खाली येतं. पण हा पैसा धंद्याचा. त्यातून फ्रिज घेतला तर फेडताना घरच रडणार.

वर्षातून एकदा येणारे खर्च

चतुर्थी दरवर्षी येते. शाळा दरवर्षी सुरू होते. छप्पर दरवर्षी गळतं. तरी दरवेळी आपण म्हणतो, "अचानक खर्च आला." वरच्याच घराचं बघा:

चतुर्थी (माटोळी, बाजार, पाहुणे) 15,000
शाळा (वह्या-पुस्तकं, युनिफॉर्म, रेनकोट) 12,000
पावसाआधी घराची दुरुस्ती 5,000
लग्न-कार्य, अहेर 4,000
एकूण 36,000

बाराने भागलं तर महिन्याला 3,000. म्हणजे 20,000 मधले रोजच्या संसाराला उरले 17,000. त्यातून किराणा, भाजी, दूध 7,500. गॅस, वीज, पाणी 2,000. मुलांची बस आणि ट्यूशन 2,000. दवापाणी 1,500. स्कूटरचं पेट्रोल आणि मोबाइल 2,000. घरच्यांचा हातखर्च 1,000. अडीअडचणीला 1,000. झाले 17,000. ओढाताण आहे, नाही म्हणत नाही. पण यात उचल घ्यावी लागत नाही.

उचल किती महाग पडते?

शेकडा 3 रुपये व्याज ऐकायला थोडं वाटतं. पण ते महिन्याचं असतं, वर्षाचं 36 टक्के झालं. जूनच्या सुरुवातीला 40,000 घेतले आणि नोव्हेंबरअखेर फेडले, तर सहा महिन्यांचं नुसतं व्याज 7,200. आणि उचल मासळीच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली असेल, तर मासळी त्यालाच घालायची, तो देईल त्या दराने. दर किलोमागे किती गेले, हे कुठल्याच वहीत दिसत नाही.

मग करायचं काय?

1. लिलावाचे किंवा बाजाराचे पैसे आले की त्याच दिवशी तीन भाग करा: होडी, घर, पावसाळा. महिनाअखेरीची वाट बघू नका, तोवर काही राहत नाही.

2. पावसाळ्याचा भाग घरात ठेवू नका. रोज थोडे थोडे सोसायटीत किंवा बँकेत भरा. दिवसाचे 400 ठेवले तर 25 दिवसांत 10,000 होतात. मासळी नाही त्या दिवशी नाही भरले तरी चालेल, बरी मिळाली त्या दिवशी जास्त भरा.

3. वही ठेवा, आणि ती नवरा-बायको दोघांनीही बघा. बहुतेक घरांत मासळी विकणारी बाईच असते. बाजारात रोज काय आलं हे तिला ठाऊक, इंजिनला काय लागलं हे त्याला ठाऊक. दोघांचे आकडे एका पानावर आल्याशिवाय हिशेब लागत नाही.

4. मे महिन्यात पुरुमेंत भरा. तांदूळ, मिरची, सोलं, चिंच, सुकी मासळी. मडगावचं पुरुमेंताचं फेस्त पावसाच्या तोंडावर भरतं ते याचसाठी. आपल्या आज्या वही-पेनाशिवाय हेच बजेट चालवत होत्या. महागाईत भरून ठेवलेला डबा म्हणजे बचतच.

5. मे महिन्याच्या शेवटी बँक खात्यात निदान 456 रुपये ठेवा. त्यातून सुरक्षा विमा (20 रुपये, 2 लाखांचा अपघात विमा) आणि जीवन ज्योती विमा (436 रुपये, 2 लाखांचा जीवन विमा) या दोन्ही पंतप्रधान योजनांचा हप्ता आपोआप कापला जातो. त्यासाठी बँकेत एकदा फॉर्म भरलेला असायला हवा. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं. बंदीच्या तोंडावर खातं रिकामं असतं, हप्ता जात नाही, आणि विमा बंद पडल्याचं घरच्यांना संकट आल्यावर कळतं. दर्यावर जाणाऱ्याच्या घराला हे परवडणारं नाही.

या वर्षी नाहीच जमलं पूर्ण, तर निम्मं करा. 40,000 च्या जागी 20,000 जमले तरी पुढच्या पावसात उचल निम्मी आणि व्याजही निम्मं.

हिशेब मांडायला अडचण वाटत असेल तर वही घेऊन सोसायटीत या. दोघंही या. आम्ही बरोबर बसून मांडू, आणि तुमचे आकडे ऑफिसाबाहेर जाणार नाहीत.

दर्या यंदा भरभरून देवो. सांभाळून जा, सुखरूप परत या.