फळ्यावरचा सुविचार आणि मताची किंमत

शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिण्याची प्रथा ठाणे, कल्याण, डोंबिवलीला नवी नाही. अलीकडे तोच सुविचार सकाळच्या लोकलच्या गर्दीत मोबाइलवरून या हातातून त्या हातात फिरत असतो. राजकारण, समाज, संस्कृती, व्यक्तिस्वातंत्र्य असा एकही विषय त्याला वर्ज्य नाही. मात्र ते वाक्य कोणी, केव्हा व कोणासमोर उच्चारले, याची नोंद त्याखाली क्वचितच आढळते. वाक्य उरते आणि माणूस गळून पडतो. मग जे हाती राहते ते मत नव्हे. ते केवळ सुभाषित होय.

मत संस्मरणीय ठरते ते शब्दांच्या घाटामुळे नव्हे, तर ते उच्चारण्यासाठी मोजलेल्या किमतीमुळे. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत होत्या. देशात आणीबाणी होती आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. अशा व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्या आरोग्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. जयप्रकाश तेव्हा सरकारविरोधी आंदोलनाचे प्रतीक होते. एरवी एखाद्या रुग्णासाठी प्रार्थना करण्यात धाडस ते कसले? परंतु त्या काळाने त्या साध्या कृतीला राजकीय अर्थ दिला. पुढे दुर्गाबाईंना तुरुंगवास घडला.

तथापि सत्तेसमोर निर्भयपणे बोललेल्या मताचा गौरव करणे तुलनेने सोपे असते. खरी कसोटी लागते ती आपल्याला न पटणाऱ्या मताच्या वेळी. डोंबिवलीकर पु. भा. भावे हे मराठी नवकथेचे एक मानकरी. तितकेच प्रखर, अनेकांना दुखावणारे हिंदुत्वनिष्ठ लेखक. १९७७ मध्ये पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या विचारांना तीव्र विरोध झाला आणि अध्यक्षीय भाषणाच्या वेळी गोंधळ माजला. आणीबाणी त्याच वर्षी मार्चमध्ये उठली होती. भाषणस्वातंत्र्य परत मिळाल्याचा आनंद महाराष्ट्र साजरा करीत होता, त्याच वर्षी एका लेखकाला शांतपणे ऐकून घेणे साहित्यरसिकांच्या सभेला जमले नाही.

भावे यांची मते अनेकांना अमान्य होती, आजही असतील. त्यांचे खंडन करण्याचा अधिकार कोणीही नाकारू नये. किंबहुना सडेतोड खंडन हाच मताचा खरा सन्मान होय. परंतु खंडनासाठी आधी ऐकावे लागते. गोंधळाने मत खोडले जात नाही. फक्त ते खोडण्याची संधी हुकते. चाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये, नव्वदावे संमेलन डोंबिवलीत भरले आणि संमेलननगरीला भावे यांचेच नाव देण्यात आले. नाव कमानीवर झळकणे चांगलेच. परंतु कमान कोणाशी वाद घालीत नाही. त्या नावामागचा वाद तिच्याखालून जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक होता?

या परिसराला ऐकण्याची परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. दिवसभर कचेरीत राबलेला माणूस संध्याकाळी व्याख्यानाला जाऊन बसतो, ही येथील संस्कृती. पण आपल्याच मताचा वक्ता निवडून त्याला टाळ्या देणे म्हणजे ऐकणे नव्हे.

शिक्षकांना येथे एक लहानसे काम करता येईल. फळ्यावर सुविचार लिहिताना त्याखाली बोलणाऱ्याचे नाव, साल आणि प्रसंग लिहावा. शेजारी त्याच विषयावरचे विरुद्ध मतही लिहावे. त्यांतले कोणते पटते आणि का, हे विद्यार्थ्याने स्वतः सांगावे. त्याचे उत्तर चुकेलही. पण ते त्याचे स्वतःचे असेल. व्यक्तित्वाची सुरुवात पाठ केलेल्या वाक्यातून होत नाही, अशा उत्तरातून होते.