कचरा पारखणारे यंत्र

कचऱ्याची वर्गवारी करणाऱ्या यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर जिन्नस पसरून येतात, कॅमेरा त्यांचे रूप टिपतो, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण प्रत्येक पदार्थावरून निराळ्या तऱ्हेने परावर्तित होतात, त्यावरून ही बाटली कोणत्या प्लास्टिकची याचा निवाडा संगणक करतो, आणि पट्ट्याच्या टोकाशी हवेचा झोत तिला नेमक्या कप्प्यात उडवून देतो. काळ्या प्लास्टिकपुढे मात्र ही किरणविद्या बहुधा निष्प्रभ ठरते, कारण त्यातील काजळी ते किरण गिळून टाकते.

परंतु कॅमेऱ्याने टिपलेल्या रूपाला नाव देण्याचे ज्ञान कृत्रिम बुद्धिमत्तेला कोणीतरी शिकवावे लागते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये ‘ट्रॅशनेट’ नावाचा सुमारे २,५०० छायाचित्रांचा संग्रह याच हेतूने सिद्ध केला. त्यात काच, कागद, पुठ्ठा, धातू, प्लास्टिक आणि उरलेला केर असे सहाच वर्ग होते, आणि वस्तू पांढऱ्या पार्श्वभूमीवर सुटी ठेवून टिपलेली होती. यवतमाळ, पुसद वा वणी येथील घंटागाडीत भाजीच्या देठांत लडबडलेली दुधाची पिशवी आणि चुरगाळलेली खर्ऱ्याची पन्नी एकमेकींत गुंतून येतात. त्या संग्रहावर शिकलेल्या यंत्राने त्यांच्यापुढे गोंधळून जावे, यात नवल नाही.

ही पारख ज्यांच्या बोटांत आहे त्या स्त्रिया आपल्याच राज्यात आहेत. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातूनच कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निर्माण होऊन २००८ मध्ये महापालिकेशी तिचा रीतसर करार झाला. प्लास्टिक हाताने दाबून, वाकवून, त्याचा आवाज ऐकून त्याची जात ओळखणाऱ्या या कष्टकरी भगिनी, माझ्या मते, यंत्राच्या प्रतिस्पर्धी नसून त्याच्या गुरू आहेत; आणि ज्या यंत्राने त्यांचीच विद्या घेऊन त्यांचीच भाकरी हिरावावी, त्याला सुधारणा म्हणणे अन्यायाचे होईल.

म्हणून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील नगरपरिषदांना विनंती आहे की, अशा यंत्राची निविदा दप्तरात दाखल होण्यापूर्वी घनकचरा नियमांप्रमाणे ओला, सुका असा प्रत्येक प्रकारचा कचरा उंबरठ्यावरच वेगळा घेण्याचा अंमल कसोशीने करावा, आणि यंत्राला इथल्या कचऱ्याची ओळख शिकविण्याचे काम इथल्याच कचरावेचकांना योग्य मेहनताना देऊन सोपवावे.