मेणा की पालखी?

माणूस लग्न करतो, घर बांधतो आणि मोटार घेतो, या तीन वेळी त्याला सल्ला द्यायला सारा गाव धावून येतो. पहिल्या दोन प्रसंगांतून मी कसाबसा पार पडलो होतो. तिसरा तीन वर्षांपूर्वी आला. मराठी शिकवणाऱ्या माणसाने घ्यावी तशी, म्हणजे दुसऱ्याने सहा वर्षे वापरलेली, एक छोटी पांढरी मोटार मी घेतली आणि सोलापुरात आमच्या दारासमोर आणून उभी केली. दिवेलागणीपर्यंत सात जण येऊन पाहून गेले. त्यांपैकी पाच जणांनी एकच गोष्ट सांगितली, "सर, आधी काचा काळ्या करून घ्या!"

आता, सोलापूरचे ऊन ज्याने पाहिले आहे त्याला हा सल्ला वावगा वाटणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जाऊन बसतो आणि दुपारी उभ्या केलेल्या मोटारीत शिरणे म्हणजे भट्टीत हात घालून भाकरी काढण्यासारखे होते. तरीही मी त्या पाचही जणांना हसून वाटेला लावले. कारण मी वीस वर्षे या शहरात सायकलने आणि पायी हिंडलेला माणूस. सात रस्त्याच्या चौकात रस्ता ओलांडायचा कसा, हे पायी चालणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. तो दिव्याकडे पाहत नाही, मोटारीकडेही पाहत नाही. तो चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहतो. त्या डोळ्यांनी 'जा' म्हटले की पाऊल टाकायचे. काळ्या काचांची मोटार आली की मात्र बोलणेच खुंटते. आत कोणी आहे की नाही, त्याने आपल्याला पाहिले की नाही, काही कळायला मार्ग नाही. तेव्हा आपली काच पांढरीच राहील, असे मी ठरवून टाकले होते.

पण वाचकहो, माणसाची ठाम मते ही बहुधा त्याच्यावर प्रसंग येईपर्यंतच ठाम असतात.

आमच्या सौभाग्यवतींना ल्यूपस नावाचा आजार आहे. शरीराचे रक्षण करणारी शक्ती उलटून शरीरावरच चाल करून जाते, असा हा घरभेदी रोग. त्यातल्या अनेकांना ऊन सोसत नाही. उन्हात गेल्या की चेहऱ्यावर लाल चट्टे उठतात, सांधे धरतात, ताप येतो. दर तीन महिन्यांनी आम्ही पुण्याला डॉक्टरांकडे जातो. मोटार घेतली तीही त्याचसाठी, की बसच्या खिडकीतले ऊन तरी चुकावे.

पहिल्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये माझे तास आटोपून आम्ही दुपारी एकला निघालो. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असे करत सातला पुण्यात पोचलो. काचा बंद होत्या, गारवा चालू होता, सौ. छान डुलक्या घेत होत्या. चार दिवसांनी त्यांच्या डाव्या गालावर आणि डाव्या हातावर चट्टे उठले. उजवी बाजू स्वच्छ! पुन्हा पुण्याला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ते पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "गाडीतून आला होतात? पुढे, डावीकडे बसला होतात?" सोलापूरहून पुण्याकडे जाताना दुपारचा सूर्य डाव्या अंगाला असतो. नकाशा पाहिल्यावर हे मला समजले. डॉक्टरांना ते गालावरूनच समजले होते.

"पण काचा तर बंद होत्या," मी म्हणालो.

मग त्यांनी मला जे सांगितले ते मी नंतर वाचून ताडून पाहिले. जांभळ्या रंगाच्या पलीकडचे जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना आपल्या जुन्या शास्त्रीय पुस्तकांत 'जंबुपार' म्हणत. (हल्ली 'अतिनील' म्हणतात. मला आपला जुनाच शब्द गोड वाटतो.) त्यांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. एक कातडी भाजून काढणारा. तो काचेने बहुतेक अडतो. दुसरा कातडीत खोल शिरणारा. तो साध्या काचेतून बराचसा आरपार जातो. गंमत अशी, की मोटारीच्या साऱ्या काचा सारख्या नसतात. समोरची मोठी काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्या मध्ये प्लास्टिकचा एक पातळ थर. पोळीच्या पदरांमध्ये तेल असावे तसा. तो थर हा दुसरा प्रकारही जवळजवळ पुरता अडवतो. बाजूच्या काचा मात्र सहसा एकेरी, तापवून कणखर केलेल्या. फुटल्या तर खडीसाखरेसारखा चुरा होणाऱ्या. त्यांच्यातून हे किरण कमी-अधिक प्रमाणात आत येतात. म्हणजे ज्या समोरच्या काचेला आपण ऊन रोखण्यासाठी पुठ्ठे लावतो, ती या बाबतीत निरपराध. चोर बाजूच्या खिडकीतून येतो.

२०१२ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात एक छायाचित्र छापून आले होते. अठ्ठावीस वर्षे मालमोटार चालवलेल्या एका एकोणसत्तर वर्षांच्या गृहस्थाचे ते छायाचित्र. उजवा गाल वयाला साजेसा आणि डावा गाल सुरकुत्यांनी भरलेला, जाड, लोंबता. जणू दोन वेगळ्या माणसांचे अर्धे-अर्धे चेहरे जोडले आहेत. तिकडे चालक डावीकडे बसतो आणि ऊन त्याच्या डाव्या खिडकीतून येते. ते छायाचित्र मी सौ.ना दाखवले नाही. त्यांनीच ते शोधून मला दाखवले.

आता काचांचा प्रश्न थट्टेचा उरला नव्हता. मी फिल्म लावणाऱ्या दुकानात गेलो. तरुण दुकानदार मोठा बोलका. त्याने विचारले, "सर, किती टक्के हवी?" मी म्हटले, "भरपूर हवी. सत्तर टक्के दे." तो हसला. त्यांच्या धंद्यात टक्का हा अंधाराचा नसतो, आरपार येणाऱ्या उजेडाचा असतो! सत्तर टक्के म्हणजे जवळजवळ पांढरी. वीस टक्के म्हणजे काळीकुट्ट. मराठीच्या प्राध्यापकाने गणितात खाल्लेला हा मार काही पहिला नव्हता. पुढचा हिशेब आणखी मजेदार आहे. काच स्वतःच थोडा उजेड खाते. समजा, काच पंचाहत्तर टक्के उजेड सोडते आणि तिच्यावर सत्तर टक्क्यांची फिल्म लावली, तर दोन्ही मिळून साडेबावन्नच टक्के सुटतो. हे आकडे वजा होत नाहीत, गुणले जातात.

मग त्याने एक लाकडी खोके काढले. आत तापणारा दिवा, समोर खाचेत फिल्मचे तुकडे घालायची सोय. "हात धरा, सर." एक काळाभोर तुकडा घातला, हात तापला. मग एक असा तुकडा घातला, की तो घातला आहे हेच मला दिसेना. हाताला झळ कमी लागली. मी चक्रावलो. तेव्हा कळले, की काळेपणा आणि गारवा यांचा फारसा संबंध नाही. उन्हातली जवळजवळ निम्मी ऊब तांबड्याच्या अलीकडच्या, न दिसणाऱ्या किरणांची असते. स्वस्त रंगीत फिल्म दिसणारा उजेड गिळते, स्वतः तापते आणि त्यातला काही ताप आतच सोडते. चार उन्हाळे गेले की जांभळी पडते, तिला फोड येतात. चांगली फिल्म पांढरी असूनही ती ऊब बरीच परतवते आणि जंबुपार किरण तर शेकडा नव्व्याण्णव अडवते. सौ.ना हवी होती सावली. बाजारात बहुतेक जण मागत होते अंधार. मी दुकानदाराला म्हटले, "मग लोक ही पांढरी का घेत नाहीत?" तो म्हणाला, "सर, एवढे पैसे मोजून लावली आणि दिसलीच नाही, तर उपयोग काय?"

राहिला कायदा. माझे एक वकील मित्र आहेत. त्यांच्याकडे चहा प्यायलो आणि तो समजून घेतला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला शंभरावा नियम सांगतो, की समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान पन्नास टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. लोकांनी याचा अर्थ 'तेवढी फिल्म चालते' असा लावला आणि मग 'तेवढी' वाढत वाढत काळीकुट्ट झाली. काळ्या काचांआड अपहरण, बलात्कार, दरोडे होतात, असे गाऱ्हाणे अविषेक गोयंका नावाच्या गृहस्थांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले. २७ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की काच कारखान्यातूनच तेवढी पारदर्शक आली पाहिजे, वरून कसलीही फिल्म चिकटवायची नाही. सवलत फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांच्या गाड्यांना. तिकडे ते छायाचित्र आणि इकडे हा निकाल, दोन्ही एकाच महिन्यातले! पुढे १ एप्रिल २०२१ पासून नियमातली शब्दयोजना बदलली, काचेवर प्लास्टिकचा थर असलेले 'सेफ्टी ग्लेझिंग' त्यात आले. आणि केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटले, की सत्तर आणि पन्नास टक्क्यांची अट पाळणारी, मानकानुसार असलेली फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. "म्हणजे लावावी ना?" मी विचारले. वकीलसाहेब म्हणाले, "लाव. पण पावती आणि प्रमाणपत्र गाडीत ठेव. चौकातल्या हवालदाराकडे केरळचा निकाल नसतो."

तरीही मी चालढकल करीत होतो, आणि त्याला कारण माझे मेहुणे. त्यांच्या मोटारीच्या काचा गंधकाळ्या. "दाजी, ताईला माझ्या गाडीतून न्या. दंड झाला तर मी भरीन. तिच्या जिवापेक्षा कायदा मोठा आहे का?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. गेल्या माघात आम्ही त्यांची मोटार घेऊन पुण्याला गेलो. जाताना खरोखर सुख झाले. ऊन जणू कोणी विझवून टाकले होते.

परत येताना रात्र झाली. ऊसतोडीचे दिवस. मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या हायवेवर काळोखात काळोख होऊन चालल्या होत्या. समोरच्या काचेतून दिसत होते तोवर निभावले. टेंभुर्णीच्या अलीकडे एका ढाब्यावर चहा घेतला आणि मी मोटार मागे घेऊ लागलो. आरशात काळे, मागच्या काचेत काळे, बाजूला काळे. वाहन हळूहळू मागे सरकत होते. इतक्यात मागच्या पत्र्यावर थाडथाड हात पडले. मी ब्रेक दाबला, काच खाली केली, आणि काच खाली करताच ढाब्याच्या उजेडात सारे दिसले. टोळीतली एक बाई मोटारीच्या मागे चाकापासून वीतभर अंतरावर उभी होती आणि तिने एका हाताने पोराला उराशी धरले होते. पोर झोपलेले होते. बाई ओरडली नाही, शिवी दिली नाही. तिने नुसते माझ्याकडे पाहिले. मघापासून ती तिथेच बसलेली होती.

सोलापूर येईपर्यंत आम्ही दोघे बोललो नाही. अकोले फाटा, मोहोळ, सगळ्या काचा उघड्या टाकून, गारठ्यात कुडकुडत आलो.

दुसऱ्या दिवशी सौ. म्हणाल्या, "अहो, मला ती काळी गाडी नको."

"पण तुझे ऊन?"

"ऊन नकोच आहे. पण रस्ता हवा. घरात दिवसभर पडदे ओढलेले असतात. तीन महिन्यांतून एकदा बाहेर पडते, तर उजनीचे पाणी काळ्या चष्म्यातून पाहायचे? त्या गाडीत बसले की मेण्यात बसल्यासारखे वाटते."

मी वर्गात जुनी बखर शिकवताना मुलांना मेणा आणि पालखी यांतला फरक सांगतो. दोन्ही भोयांच्या खांद्यावर. पण पालखीतला माणूस लोकांना दिसतो आणि त्याला लोक दिसतात. मेण्याला चहूकडून पडदे. गोषातल्या बायका मेण्यातून जात. इतकी वर्षे हे सांगितले, पण आतून पडदा कसा दिसत असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

तेव्हा आम्ही ती पांढरी फिल्म घेतली. सगळ्या मोटारीला नाही. समोरच्या काचेला गरज नव्हती आणि मागच्या काचेतून मला मागचे माणूस दिसायला हवे होते. बाजूच्या चार काचांना तेवढी लावली. दुकानदाराने काचेच्या दोन्ही बाजूंना छोटे यंत्र धरून उजेड मोजून दाखवला, अठ्ठावन्न टक्के. खर्च झाला तो त्या काळ्या फिल्मच्या तिप्पट. डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "उत्तम. पण लांब बाह्या आणि मलम चालूच ठेवा." सौ. लांब बाह्यांचा झंपर घालतात, डाव्या खांद्यावर सुती ओढणी टाकतात. या वर्षी एप्रिलमध्ये दोनदा पुण्याला जाऊन आलो. एकदा थोडे चट्टे आले, एकदा आले नाहीत. दुपारऐवजी पहाटे निघालो होतो, तेव्हा आले नाहीत. म्हणजे श्रेय फिल्मचे किती आणि घड्याळाचे किती, हे मला सांगता येणार नाही.

आई मागे बसते. तिला अजून पटत नाही, की काचेवर काही लावले आहे. बोटाने चाचपून पाहते आणि म्हणते, "अरे, फसवलं तुला त्या पोरानं."

परवा नवरात्रात सात रस्त्यावर हवालदाराने आमची मोटार बाजूला घेतली. गाड्यांची तपासणी चालू होती. मी पावती आणि प्रमाणपत्र शोधू लागलो. ते नेमके पंचांगाखाली गेले होते. तो डावीकडून आला आणि काचेजवळ वाकला. आतून सौ.नी हात जोडले. त्याने नकळत हात जोडले आणि मग मला, "चला, चला, मागे गाड्या अडल्यात," म्हणून हाताने खूण केली.