पिवळ्या धातूची बांगडी

लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून फौजदार होणाऱ्या पदवीधराने तोवर हजारो प्रश्न सोडवलेले असतात आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले असतात. त्यातला एक बरोबर असतोच. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये रात्री जागवून मुलं तो ओळखायला शिकतात. ती हुशार असतात, चिकाटीची असतात. पण तपासात पर्याय कुणी छापून देत नाही. समोर एक खोली असते, त्यात काय पाहायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं आणि पाहिलेलं स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं.

सरकारी वकील म्हणून मी सत्र न्यायालयात खुनाचे, दरोड्याचे, हुंडाबळीचे खटले चालवले. आता नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षणार्थी उपनिरीक्षकांना पंचनामा आणि जबाब शिकवायला जाते. पहाटेची पीटी, कवायत, उस्तादांच्या आरोळ्या, परेडवरून धावत येऊन अंघोळ, मग कायद्याचे तास. दुपारच्या तासाला डोळे मिटू लागतात. म्हणून मी त्यांना बाकावर बसवत नाही, उभं करते.

एका खोलीत पंख्याला दोरीने बाहुला लटकवलेला. खाली आडवं पडलेलं स्टूल, टेबलावर पाण्याचा तांब्या, एक बांगडी, चार्जरला लावलेला मोबाईल. दोघांना पंच करायचं, एकाने लिहायचं. पहिल्या दिवशी हमखास येणारं वाक्य असं: ‘मयताने पंख्यास गळफास घेऊन आत्महत्या केल्याचे दिसून आले.’

मी विचारते, “आत्महत्या कुठे दिसली? दाखवा.”

मुलगी बाहुल्याकडे बोट करते. मग तिचं तिलाच उमगतं आणि बोट खाली येतं.

दिसतं ते वेगळंच असतं. पाय जमिनीपासून किती उंच? स्टूल किती उंचीचं, कुठल्या बाजूला पडलेलं? त्यावर उभं राहिलं तर हात पंख्याला पोचतो का? दरवाज्याची कडी आतून होती का, आणि ती तोडणारा कोण? गळ्यावरचा वण कुठून कुठे जातो? साधारणतः लटकल्याने उठणारा वण हनुवटीच्या बाजूला, वर चढत जाणारा, गाठीपाशी तुटलेला असतो. दोरीने आवळून मारलेल्याच्या गळ्यावर तो बहुधा आडवा, खालच्या बाजूला आणि सबंध गोल दिसतो. यातलं काय झालं हे ठरवणं शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचं काम. फौजदाराने वणाची दिशा आणि जागा लिहायची. प्रेत उतरवताना गाठ सोडायची नाही, दोरी गाठीपासून दूर कापायची, कारण गाठ कशी मारली होती हाही पुरावाच. हे एकदा हातांनी केलं की विसरत नाही. नुसतं वाचलेलं पहिल्या रात्रपाळीतच विसरायला होतं.

बांगडीची गंमत मला फार आवडते, कारण तिथे सगळे फसतात. ‘सोन्याची एक बांगडी.’ सोन्याची कशावरून? सोनाराने पाहिली का? कसलेला अनुभवी ठाणे अंमलदार ‘पिवळ्या धातूची बांगडी’ असंच लिहितो. नवख्याला ते हास्यास्पद वाटतं. पण उद्या ती बेन्टेक्सची निघाली तर बचावाचा वकील तेवढ्याच एका बांगडीवर उभा राहून सगळा पंचनामा ठाण्यात बसून लिहिला असं म्हणणार. तसंच रक्ताचं. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ते ‘रक्तासारखे तांबूस डाग’. हा भित्रेपणा नाही. मला काय माहीत आहे आणि मला काय वाटतं, या दोहोंमधली रेघ कागदावर ओढता येणं म्हणजेच तपास, असं माझं ठाम मत आहे. बाकी सगळं त्यानंतर.

ते डाग पडलेले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे, प्लास्टिकमध्ये नाही. ओल राहिली की बुरशी धरते आणि कलिन्याच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत डाग निकामी होतो. प्रत्येक वस्तू वेगळी, लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, मुद्देमाल रजिस्टरला नोंद.

जबाब लिहिणं मात्र पंचनाम्याहून कितीतरी अवघड. ज्याचा जबाब घेतोय तो शेतमजूर असतो, भाजीवाली असते, शाळकरी पोर असतं आणि कागदावर उतरतो तो सगळ्यांचा एकच आवाज: ‘सदर इसमास मी ओळखतो, त्याने मयतास लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.’ एका सरावात साक्षीदार झालेल्या बाई म्हणाल्या, “दिवेलागणीला भांडण झालं. मी तवा टाकला होता.” प्रशिक्षणार्थीने लिहिलं: ‘सायंकाळी १९.३० वाजताचे सुमारास’.

मी उलटतपासणी घेणारी वकील झाले. “बाई, तुमच्या घरात घड्याळ आहे? नाही? मग साडेसात कसं सांगितलंत? पोलिसांनी सांगितलं म्हणून?” बाई गप्प झाल्या. प्रशिक्षणार्थीही. बाईंनी खरं तेच सांगितलं होतं. तव्यामुळे ती वेळ त्यांच्या लक्षात राहिली होती, आणि तो तवाच जबाबातून गायब झाला. ‘दिवेलागणीला, मी स्वयंपाक करत असताना’ एवढंच लिहिलं असतं तर त्या साक्षीला कुणी हात लावू शकलं नसतं. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायद्यालाच ती मान्य नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सगळी मदार. इथे पदवी उपयोगी पडते, ती ऐकायची सवय लागली असेल तर.

“मॅडम, हात लावल्याशिवाय कोण बोलतं?” हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो, कुणी उघड विचारतं, कुणी तास संपल्यावर. मी तो टाळत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, हे ब्रिटिशांच्या काळापासून आहे आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्येही तसंच आहे. अपवाद एवढाच की कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट उघडकीला आली, तर सांगण्याचा तेवढा भाग ग्राह्य. 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही सीमा आखून दिली. ‘घराच्या छपरात लपवलेला चाकू काढून देतो’ हे चालतं. ‘ज्याने मी त्याला भोसकलं’ हे त्याच वाक्याचं शेपूट चालत नाही. निवेदन पंचनाम्यात नेमकं कुठे थांबायचं, याचा सराव आम्ही तासभर करतो. आणि मार खाल्लेला माणूस ऐकणाऱ्याला हवं ते सांगतो, खरं काय ते सांगेलच असं नाही. तो चाकू मग सापडत नाही, आणि खरा मारेकरी मोकळा फिरतो.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले. झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक झालं. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं आहे. पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनंच दंडविधान लागू, म्हणून ही पिढी दोन्ही कलमक्रमांक पाठ करते: खून जुना 302, नवा 103. मोबाईल आणि सीसीटीव्हीचं प्रमाणपत्र तर त्यांच्या स्वप्नात येतं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून सुरू झालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं की मूळ उपकरण न्यायालयात आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र हवंच. आता त्यात हॅश मूल्यही नोंदवावं लागतं.

अकादमीतून बाहेर पडलं की परिविक्षेचा काळ. तिथे खरे गुरू भेटतात, ते गुन्हे प्रकटीकरण पथकातले हवालदार. कोण परवा तुरुंगातून सुटला, कुणाच्या हाती अचानक पैसा खुळखुळतोय, कुठली दुचाकी कुणाच्या अंगणात नवी दिसते, हे त्यांना ठाऊक असतं आणि ते कुठल्याही पुस्तकात नसतं. पदवीधर फौजदाराने त्यांना ‘दादा’ म्हणून विचारलं की ते सांगतात. खांद्यावरचे दोन तारे दाखवले की सांगत नाहीत.

मात्र हे शिकायला वेळ कुठे? सकाळी मोर्चाचा बंदोबस्त, दुपारी मंत्र्यांचा दौरा, गणपतीत दहा दिवस रस्त्यावर, आणि तपासाचे कागद रात्री अकरानंतर. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात 2006 मध्येच तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा, दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांपासून सुरुवात करा, असा आदेश दिला. झोप न झालेला अधिकारी 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, हे पक्कं जाणतो, आणि त्या घाईत नेमकी एखादी नोंद सुटते. हे बदलायला हवं, असं मी प्रत्येक ठिकाणी सांगते, इथेही सांगते.

मी चालवलेल्या एका खुनाच्या खटल्यात तपासी अंमलदार नवीनच रुजू झालेले उपनिरीक्षक होते. किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात आरोपी दिसत होता, पण पडद्यावरच्या वेळेला तो दुसऱ्या गावच्या लग्नात असल्याचे साक्षीदार बचावाने आणले होते. पंचनाम्यात मात्र एक ओळ होती: पंचांसमक्ष पाहता रेकॉर्डरचे घड्याळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा बेचाळीस मिनिटे पुढे आहे. साक्षीच्या वेळेपर्यंत त्या अधिकाऱ्याची दोनदा बदली झाली होती आणि दुकानदाराने यंत्रही बदललं होतं. तरी ती बेचाळीस मिनिटं वजा केल्यावर आरोपीला लग्नघरी पोचायला पुरेसा वेळ उरत होता. पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी ती ओळ वाचून दाखवली, पंचाने तिला दुजोरा दिला, आणि न्यायाधीशांनी निकालपत्रात त्या घड्याळावर स्वतंत्र परिच्छेद लिहिला.