फ्रान्सच्या उन्हाळ्यात बिस्त्रो निवडताना

फ्रान्समध्ये बिस्त्रोची, म्हणजे छोट्या खानावळीची, पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून पाटीवर न जाता दाराबाहेरचा फळा वाचावा. खडूने लिहिलेले, रोज बदलणारे मोजके पदार्थ दिसले तर खुशाल आत शिरावे. पाच-सहा भाषांतले, फोटोंनी भरलेले मेनूकार्ड दिसले तर पुढची गल्ली धरावी. पातेल्यावर घराचे छप्पर असे चिन्ह म्हणजे ‘फे मेझाँ’, म्हणजे पदार्थ तिथेच कच्च्या मालापासून शिजवलेला. हे चिन्ह २०१४ पासून वापरात आहे.

उन्हाळ्यात प्रदेश पाहून खाणे फार महत्त्वाचे. लिआँ शहरातली ‘बूशाँ’ खानावळींची परंपरा थोर, पण तिथली आतड्यांची सॉसेज जुलैच्या उकाड्यात जड पडतात आणि ऑगस्टमध्ये बऱ्याच बूशाँना सुट्टी असते. गेलातच तर लसूण आणि हिरवा मसाला घालून फेटलेले ताजे चीज, ‘सेर्व्हेल द कानू’, जरूर मागवा. माझा कौल मात्र प्रोव्हान्सला. तिथले पिस्तू सूप खास उन्हाळी: ताज्या शेंगा, घेवडा, कोवळी झुकिनी आणि वरून बेसिल, लसूण, ऑलिव्ह तेलाचे वाटण. शाकाहारींनी त्यात मांस नाही ना, एवढे विचारून घ्यावे. ब्रिटनी प्रांतात गेलात तर कुट्टूच्या पिठाची पातळ धिरडी, ‘गालेत’, चीज-अंडे घालून मिळतात.

दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन. नंतर गावाकडची स्वयंपाकघरे बंद होतात. ‘प्लॅ द्यू जूर’ हा त्या दिवसाचा पदार्थ सहसा स्वस्त आणि ताजा. नळाच्या पाण्याची सुरई फुकट मिळते, आणि सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते.