आवर्तनाच्या साहाय्याने बिंदुरेषांच्या आकृत्या

फळ्यावरील आकृतीत चूक झाली तर ती क्षणात पुसता येते. परंतु सरावपत्रात अथवा प्रश्नपत्रिकेत छापलेली आकृती अनेक शाळांतील मुलांच्या हाती पडते, आणि तिच्यातील दोष पुसण्यास तेथे कोणी नसतो. 'सहा गावांपैकी प्रत्येक गाव उरलेल्या प्रत्येक गावाशी सरळ रस्त्याने जोडले आहे, तर एकूण रस्ते किती?' हा प्रश्न घ्या. उत्तर 15 आहे. सोबतच्या आकृतीत हाताने रेषा ओढताना एक राहून गेली, तर ज्याने सूत्र पाठ केले त्याचे उत्तर बरोबर ठरते आणि ज्याने प्रामाणिकपणे रेषा मोजल्या त्याचे चूक ठरते. मोजणाऱ्या मुलावर असा अन्याय होऊ नये, यासाठी आकृती निर्दोष काढण्याची एक पद्धती येथे सांगावयाची आहे.

आकृतीचे स्वरूप

येथे अभिप्रेत असलेला आलेख म्हणजे स्तंभालेख नव्हे. काही बिंदू आणि त्यांतील संबंध दाखविणाऱ्या रेषा, एवढेच त्याचे घटक. सौंदड हा एक बिंदू मानला, तर लोहमार्गाने गोंदिया व अर्जुनी मोरगाव यांकडे जाणाऱ्या दोन आणि महामार्गाने साकोली व देवरी यांकडे जाणाऱ्या दोन, अशा चार रेषा त्यातून निघतात. अंतर वा दिशा यांना येथे महत्त्व नाही. कोण कोणाशी जोडलेले आहे, एवढेच पाहावयाचे.

साधन

अमेरिकेतील गणिती डोनाल्ड नुथ यांनी 1978 साली 'टेक' ही अक्षरजुळणीची भाषा प्रसिद्ध केली. पूर्वी जुळारी खिळे जुळवीत असे. येथे लेखक संगणकाला लेखी आज्ञा देतो आणि त्यांनुसार पान जुळते. तिच्यावर आधारलेली 'लाटेक' आणि टिल टान्टाउ यांनी रचलेली आकृत्यांची 'टिक्झ' ही साधने विनामूल्य मिळतात. आज्ञा रोमन लिपीत लिहाव्या लागतात. परंतु 'झीटेक' वापरल्यास बिंदूंची नावे देवनागरीत छापता येतात.

आवर्तन म्हणजे काय

सहा बिंदूंसाठी सहा आज्ञा लिहिण्याऐवजी एकच आज्ञा लिहून 'ही 0 ते 5 या प्रत्येक अंकासाठी पार पाड' असे सांगणे, यास आवर्तन म्हणतात. टिक्झमध्ये त्यासाठी 'फॉरईच' ही आज्ञा आहे. बिंदूचे स्थान कोन व त्रिज्या देऊन सांगता येते. वर्तुळाचे 360 अंश सहांत वाटले की प्रत्येकी 60 येतात. म्हणून कोन 'अंक गुणिले 60' आणि त्रिज्या 2 सेंटिमीटर दिली की सहाही बिंदू समान अंतरावर बसतात. कोन उजव्या हाताकडून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजला जातो. पहिला बिंदू माथ्यावर हवा असल्यास प्रत्येक कोनात 90 मिळवावेत.

रेषांसाठी आवर्तनाच्या पोटात दुसरे आवर्तन घालावे लागते. बाहेरचे 0 ते 4 चालावे आणि आतले, बाहेरच्या अंकाहून एकाने मोठ्या अंकापासून 5 पर्यंत. अशा रीतीने 5, 4, 3, 2 व 1 मिळून 15 रेषा निघतात. दोन्ही आवर्तने 0 ते 5 ठेवली, तर प्रत्येक रेषा दोनदा ओढली जाते आणि प्रत्येक बिंदू स्वतःशीही जोडला जातो. आज्ञा 36 वेळा पाळली जाते. गंमत अशी की, रेषेवर रेषा पडल्याने आकृती डोळ्यांना बरोबरच दिसते. बाहेरचे आवर्तन 5 पर्यंत नेल्यास आतले 6 ते 5 असे होते. टिक्झ तेव्हा थांबत नाही, उलट क्रमाने मोजू लागते, आणि नसलेला सातवा बिंदू मागते. म्हणून केवळ चित्र पाहून समाधान मानू नये; आज्ञा किती वेळा पाळली जाईल, हे कागदावर आधी मांडावे.

एक मोठे उदाहरण

नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे (1917-2020) यांच्या नावाने एक आलेख जगभर ओळखला जातो. तो 1959 सालचा आहे. त्यात 16 बिंदू व 48 रेषा असून प्रत्येक बिंदूतून 6 रेषा निघतात. हाताने काढू गेल्यास रेषा कोठे चुकली, हे सापडणे कठीण. आवर्तनाने मात्र नियम तीन ओळींत मावतो.

प्रत्येक बिंदूला 0 ते 3 यांपैकी दोन अंकांचे नाव द्यावे. 00 पासून 33 पर्यंत 16 नावे होतात. ती क्रमाने वर्तुळावर साडेबावीस अंशांच्या अंतराने मांडावीत. मग प्रत्येक बिंदू तीन बिंदूंशी जोडावा: दुसरा अंक एकाने वाढवून, पहिला अंक एकाने वाढवून, आणि दोन्ही अंक एकेकाने वाढवून. 3 नंतर पुन्हा 0 घ्यावा. म्हणजे 33 हा 30, 03 व 00 यांना जोडला जाईल. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. एकही रेषा दोनदा येत नाही.

वर्गात

संगणक नसलेल्या शाळेतही हा पाठ घेता येतो. सहा मुलांना 0 ते 5 क्रमांक देऊन गोलात उभे करावे. प्रत्येकाने केवळ आपल्याहून मोठ्या क्रमांकाच्या मुलापर्यंत दोरा ताणावा. 0 क्रमांकाचा पाच दोरे ताणतो, 5 क्रमांकाच्या वाट्यास एकही येत नाही. बेरीज मुलांनीच करावी, आणि 'मोठ्या क्रमांकाच्या' हे शब्द गाळले तर काय होईल, हेही त्यांनाच करून पाहू द्यावे.

सरावपत्र छापण्यास देण्यापूर्वी शिक्षकबंधुभगिनींनी आकृतीतील रेषा नियमाने येणाऱ्या संख्येशी ताडून पाहाव्यात, आणि शक्य असल्यास एका विद्यार्थ्याकडूनही मोजून घ्याव्यात.